मुरूम कुठे जातो

पडदा वर जातो तो तळ्यावर. भोपाळ, गोविंदपुऱ्यापलीकडची कारखान्याची वसाहत, पावसाची उघडीप. डाव्या अंगाला मराठी मंडळाने श्रमदानाने बांधलेला विसर्जनाचा दगडी घाट, पाण्यात चांगला पुढे घुसलेला. उजवीकडे अगदी काठावर मंडळाचा उघडा रंगमंच. त्याच्या एका कोपऱ्याखालची माती वाहून गेलेली. आणि मधोमध, नेपथ्याच्या उरलेल्या रंगात बारीक खडी बुडवत उकिडवे बसलेले प्रभाकर हिंगवे.

प्रभाकरराव मूळचे नागपूरचे, कारखान्यात फिटर, नाटकात कायमचे हवालदार. गणेशोत्सवाचं नाटक तोंडावर आलेलं आणि रंगमंच राहतो की जातो अशी गत. रंगमंचापुढे भिंत घालायची, असं मंडळाने ठरवूनही टाकलं होतं. पण प्रभाकररावांच्या डोक्यात भुंगा शिरला होता. इतकी वर्षं हा काठ हलला नाही, मग घाट झाल्यावरच कसा ढासळला?

मंडळाच्या चिटणीस शालिनीताई येऊन उभ्या राहिल्या. "नाटकात तुम्हाला एक वाक्य, तेही विसरता. आणि इथे खडी रंगवत बसलात?"

"वाक्य प्रॉम्प्टर देतो, ताई. याचं उत्तर कोण देणार?"

पिवळी खडी त्यांनी घाटाच्या पलीकडे, डाव्या बाजूला टाकली, तांबडी रंगमंचापुढे. पश्चिमेचा वारा डावीकडून लाटा तिरप्या आणत होता. काही दिवसांनी पाहतात तर पिवळी घाटाला अडून ढिगाने बसलेली. तांबडी मात्र रंगमंचाच्या उजवीकडे, धोब्यांच्या कपडे धुण्याच्या दगडांकडे पसार. प्रभाकरराव स्वतःशीच हसले. म्हणजे काठाचा मुरूम लाटांबरोबर चालत असतो. रंगमंचापुढचा जायचा, मागून नवा यायचा. घाटाने तो येणाराच अडवला होता.

त्यांनी शालिनीताईंना ओढत आणून ढीग दाखवला.

"मग भिंत हवीच की," ताई म्हणाल्या.

"घाला. मग इथून पुढे मुरूम जायचा नाही, पुढच्या साली धोब्यांचा काठ जाईल, मग त्यांनाही एक घालून द्या."

ताईंनी घाटाकडे पाहिलं. सगळ्यांनी हातांनी रचलेला घाट पाडा म्हणायची छाती त्यांचीही नव्हती. "मग करायचं काय?"

"इथे अडलेला मुरूम उचलून रंगमंचापुढे टाकायचा. दर वर्षी. विसर्जनाला येईल त्याने एक घमेलं."

"लाटांची हमाली आपण करायची? आणि एवढं करून नाटक होईल?"

प्रभाकररावांनी भरलेलं घमेलं त्यांच्यापुढे सरकवलं.

"आधी एक बाजू धरा, ताई. जड आहे."