ठिपकी आणि तीन नर

शिवणवाल्या मावशींची सकाळ ठरलेली. दूध तापत ठेवायचं, तोवर गॅलरीतल्या पक्ष्यांचं पाणी बदलायचं, मग मशीनवर बसायचं. त्या दिवशी दूध वर यायच्या बेतात असतानाच दारावर थाप पडली. दारात अंडीवाल्या बाई, हातात भोकं पाडलेलं खोकं.

“ताई, तीन नर निघाले,” बाईंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं. “अंडी देणार नाहीत, नुसते खाणार. तुम्ही नको म्हणालात तर इथून सरळ खाटकाकडे.”

मावशींनी खोक्यात डोकावलं. तांबूस छातीचे तीन बटेर पक्षी एकमेकांना खेटून बसले होते. झालं! मावशी विरघळल्या आणि तिकडे दूध उतू गेलं.

पिंजरा चांगला कपाटाएवढा होता. वरच्या काड्यांवर चिमुकले फिंच, आणि खाली त्यांनी सांडलेलं राळं टिपत फिरणारी एकटी ठिपकी, बटेराची मादी. पिल्लू असताना आणलेली, मावशींच्या तळहातावरून खाणारी. बटेर दचकला की सरळ वर उसळतो आणि डोकं फोडून घेतो, म्हणून पिंजऱ्याच्या छताला मावशींनी आतून जाड गादीचं अस्तर शिवलं होतं. एवढा थाट असताना जागा नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? त्यांनी तिघांना आत सोडलं.

पापणी लवायच्या आत रण माजलं. पिसं उडाली, एकाच्या डोक्यावर रक्त दिसलं, वर फिंचांनी कलकलाट मांडला. दूध पुसता पुसता यजमान म्हणाले, “एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तू तीन घातल्यास.”

मावशींनी ठिपकीलाच उचलून पदराखाली घेतलं, स्वयंपाकघरात टोपलीखाली ठेवलं. क्षणात शांतता. तिघं राळं टिपायला लागले. मावशींना हुरूप आला, बाईंपुढे चहा ठेवला. तेवढ्यात टोपलीखालून ठिपकीने बारीक साद घातली आणि गॅलरीत पुन्हा जुंपली.

“खोक्यात कसे गुण्यागोविंदानं होते,” मावशी म्हणाल्या. मग बोलता बोलता थांबल्या. खोक्यात ठिपकी नव्हती. तिची साद कानावर पडेल तोवर हे तिघे एकमेकांचे वैरी. ती घरात नसेल, तर सख्खे भाऊ.

बाईंच्याही ते ध्यानात आलं. अंडी देणारी मादी त्यांना हवीच होती, त्या तसं म्हणाल्याही. यजमान मात्र टोपलीजवळ जाऊन बसले. ठिपकीचं अंडं रोज सकाळी तेच उचलून आणायचे.

मावशींनी टोपली उचलली. ठिपकी तळहातावर चढली, नेहमीसारखी चोच घासू लागली. त्याच वेळी गॅलरीतून एका नराने मान ताणून अशी खणखणीत बांग दिली, की रडवेल्या मावशींना हसूच फुटलं. एवढासा जीव आणि केवढा तो गळा! हा गळा दुपारी सुरीखाली जायचा होता.

मशीनच्या खणातून त्यांनी निळ्या फितीचा तुकडा काढला, ठिपकीच्या पायात सैलसा बांधला आणि तिला आपल्या हातांनी खोक्यात ठेवलं.

“बाई, एवढंच करा,” त्या म्हणाल्या. “ही फीत काढू नका. मी भेटायला येईन तेव्हा मला ती ओळखू आली पाहिजे.”