रांगोळीची समोरची बाजू

मागच्या पोस्टमध्ये माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की प्रज्ञाच्या घरचे वर्षभर दुखवटा पाळणार आहेत, म्हणून मीही वर्षभर रांगोळी काढणार नाही. त्यांच्याबद्दलचं ते वाक्य मी कुणालाही न विचारता लिहिलं होतं... आमच्या घरी पाळतात, म्हणून त्यांच्याकडेही पाळत असतील असं धरून चालले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... प्रज्ञा माझी मैत्रीण. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना दारातली मोठी रांगोळी आम्ही दोघी काढायचो. दिवाळीनंतर तिला कावीळ झाली, आणि ती गेली.

रांगोळी मी घरीच शिकले, आई आणि आत्याकडून. आमच्या घरची रीत दोघींनी काढायची आहे. मधे एक ठिपका ठेवून समोरासमोर उकिडवं बसायचं आणि काढत काढत दोघींनी मागे सरकायचं. आपल्या बाजूचा कल आपल्याला दिसत नाही, समोरचीला दिसतो. 'तुझं डावीकडे चाललंय' हे तिनं सांगायचं, तिचं आपण सांगायचं... प्रज्ञाला हे मी शिकवलं, पण रंग भरण्यात ती वर्षभरातच माझ्या पुढे गेली.

ती गेल्यावर मी कार्यक्रमांना जाणं सोडलं नाही. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून इथे कार्यक्रमांना तोटा नाही, असं बाबा नेहमी म्हणतात. मी नृत्याला गेले, चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, एका हिंदी कविसंमेलनालाही गेले. बसायचं असेल तिथे कडेची खुर्ची धरते. एखादी गोष्ट फार छान जमली की मान आपोआप बाजूला वळते, प्रज्ञा बसायची तिकडे... तिथे कुणीतरी अनोळखी मोबाईल बघत असतं.

रांगोळीला मात्र मी नाही म्हणत आले. मंडळाच्या सुधाताई शेवटी वैतागल्या. "अगं, ती का तुझी सख्खी बहीण होती? सुतक कसलं पाळून राहिली तू?" गुरुवारच्या गाण्याच्या कार्यक्रमाला त्यांनी बाजारातलं रांगोळीचं प्लास्टिकचं स्टिकर आणून दारात चिकटवलं. त्याचा एक कोपरा उचलला गेला होता, आणि आत जाताना मला उगाचच अपराधी वाटलं.

मी बसले, बाजूच्या खुर्चीवर पर्स ठेवली. मग वाटलं, लोक उभे असताना आपण जागा अडवणं बरोबर नाही... म्हणून पर्स उचलली. तेवढ्यात त्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं. पाहते तर प्रज्ञाची आई. एकट्याच, बुढापाऱ्यातल्या या सभागृहापर्यंत ऑटोनं आलेल्या.

काकूंना मी याआधी कधी गाण्याच्या कार्यक्रमात पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं त्या माझ्या कानाशी आल्या. "ही बाई एकच ओळ काहून म्हणून राहिली? विसरली काय पुढचं?" मला हसू आवरेना. पुढचा माणूस मागे वळून म्हणाला, "दीदी, जरा धीरे।" कितीतरी महिन्यांनी मी अशी तोंडावर हात धरून हसले असेन...

मध्यंतरात काकू म्हणाल्या, "मी गाणं ऐकाले नाही आली बेटा. तुझी रांगोळी पाहाले आली. दारात पाहतो तं ते चिकटवेल कागद!"

मी सांगितलं, वर्ष व्हायचंय, म्हणून काढली नाही.

"कोणाचं वर्ष? आमच्यात नाही पाळत असं काही. मी तं रोज वाट पाहून राहिली, का ही पोट्टी येईन अंगणात. तू काहून बंद केलं?"

मी इतके दिवस जे कारण सगळ्यांना सांगत होते, ते त्यांच्यासमोर लटकं ठरलं. खरं एवढंच होतं की समोर कुणी बसणार नाही, याची मला भीती वाटत होती... ते मी त्यांना कसंबसं सांगितलं. वाटलं, आता रडतील.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "घरी ती प्रॅक्टिस करे तवा समोर कोण बसत होतं? मीच. मले रेघ ओढता येत नाही, पण वाकडं झालं तं बरोबर समजते."

हे मला माहीतच नव्हतं. प्रज्ञानं कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही... मला वाटायचं, ती घरी एकटीच सराव करते.

काका शहराबाहेर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये आहेत, घरही तिकडेच आहे. तिथे हवेतून काळी भुकटी पडत असते, पांढरी रांगोळी दुपारपर्यंत करडी होते. मी ते बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, "होऊ दे काळी. तिची बी होत होती. तू ये पौर्णिमेले."

मग घंटा झाली, गाणं पुन्हा सुरू झालं. उत्तरार्धात त्यांना चक्क डुलकी लागली, डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी टाळ्यासुद्धा हळूच वाजवल्या.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना नसेल चालत तर प्रश्न वेगळा. त्यांना हवी आहे, तर तू कोण नाही म्हणणारी?" मला अजूनही धाकधूक आहे. हात बसलेला नसेल, त्यांच्यासमोर मधेच रडू येईल, रंग तिच्यासारखे जमणार नाहीत... पण काकूंनी मला बोलावलं, याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे.

येत्या सोमवारी, बुद्धपौर्णिमेला, ऊन चढायच्या आत मी त्यांच्या अंगणात रांगोळी काढायला बसणार आहे.