बॉनेटवरचा केळीचा घड

मागच्या रविवारी सासरी, असोद्याला गेले होते. ह्यांचं वर्षश्राद्ध होतं... आणि मला गाडी चकचकीत करून न्यायची होती. एवढंच मनात होतं.

गाडी ह्यांची. गडद निळी, नऊ वर्षांची. दर रविवारी सकाळी दोन बादल्या पाणी, स्पंज आणि जाड टॉवेल. 'पुसायची नाही, टिपायची,' असं हे म्हणायचे. महिन्यातून एकदा वॅक्स.

कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टर आमच्या बुटांत चेहरा दिसतो का ते बघायच्या. हे मी लग्नानंतर कधीतरी ह्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून वॅक्स झालं की अंगणातून हाक यायची... 'या सिस्टर, तपासा.' मी कणकेच्या हातांनी बाहेर यायचे, बॉनेटवर वाकून चेहरा बघायचे आणि म्हणायचे, 'पास.'

ह्यांच्यामागे गाडीला रविवार मिळालाच नाही. धुळ्याला आई अंथरुणाला खिळलेली आहे. शनिवारी शाळा सुटली की मी तशीच निघते, रविवारी संध्याकाळी जळगावला घरी परत. एरंडोल, पारोळा, रस्त्याची धूळ, पुढे कापसाने भरलेले ट्रक... सोमवारी सकाळी गाडी मातकट आणि माझ्या हातात जेमतेम पाच मिनिटं.

मग मी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने ती कोरडीच पुसून काढायचे. लुगड्याइतकं मऊ दुसरं काय असणार, असं वाटायचं.

गाड्या पॉलिश करून देणाऱ्या डिटेलिंगच्या दुकानात गेले तेव्हा तिथल्या माणसाने पेंटवर टॉर्च धरला. सगळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. मी म्हटलं, अहो, कापड तर अगदी मऊ वापरते. तो म्हणाला, "कापड मऊच आहे मॅडम. धूळ मऊ नसते."

वर्षभर मी माया म्हणून जे करत होते, त्याने ह्यांची आठ वर्षांची मेहनत खरवडत होते... दुकानातून बाहेर येऊन बराच वेळ गाडीतच बसून राहिले.

पॉलिश आणि त्यावर चकाकी टिकवणाऱ्या कोटिंगला त्याला शुक्रवार-शनिवार गाडी हवी होती. तीनदा तारीख घेतली, तीनदा रद्द केली. शनिवार आईचा ना... पण वर्षश्राद्धाच्या आधीच्या शनिवारी मी धुळ्याला गेले नाही. शाळा सुटल्यावर एसटीने जाऊन संध्याकाळी गाडी घ्यायला परत येणं जमण्यासारखं नव्हतं.

दुपारी आईचा फोन आला. "आज शनिवार ना गं?" मी म्हटलं, गाडी दुकानात दिलीय. "काय झालं गाडीला?" काहीच झालं नव्हतं. हे मला सांगता आलं नाही.

आता भाऊंबद्दल सांगायला हवं. भाऊ म्हणजे माझे थोरले दीर, असोद्याला केळीची शेती बघतात. आम्ही निघायच्या वेळी ते बागेतून ताजा कापलेला घड खांद्यावर घेऊन यायचे आणि डिकी उघडी असली तरी मुद्दाम बॉनेटवर टेकवायचे. केळीचा चीक कपड्याला लागला की तो कपडा पुढे शेतातल्या कामालाच, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. हे आतून ओरडत धावायचे, "भाऊ, गाडी हाये ती, ओटा नही!" आणि भाऊ हसत म्हणायचे, "तुही गाडी केळीवरच आली ना रे? मंग तिले केळीचं वावडं कसं?"

तीस वर्षं हे भांडण. गाड्या बदलल्या, भांडण तेच.

रविवारी जेवणं झाली, नातेवाईक पांगले. मी निघाले तसे भाऊ घड घेऊन आले. सवयीने सरळ बॉनेटपाशी गेले, वाकले... आणि तिथेच थांबले. कोटिंग केलेल्या बॉनेटमध्ये आभाळ दिसत होतं, भाऊंचं फेटा बांधलेलं डोकं दिसत होतं. ते तसेच मागे सरले. घड खांद्यावरच.

"लय चमकवली बाई तुम्ही," म्हणाले. मग हळूच, स्वतःशीच... "ठेवला तरी आता मले कोन बोलीन?"

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि कुठून आलं देवाला माहीत, मी ओरडले... अगदी ह्यांच्या सुरात, "भाऊ, गाडी हाये ती, ओटा नही!"

माझ्या तोंडची ती बोली ऐकून एरवी सगळं घर हसलं असतं. भाऊ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्हाले कोनी शिकवलं हे?" आणि घड धाडकन बॉनेटवर ठेवला. ठेवला आणि त्यावरच डोकं टेकून रडले. वर्षभरात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. अंत्यविधीलासुद्धा नाही.

चीक ओघळत होता. मला दिसत होता. पुसला नाही... त्या वेळी पुसणं बरं दिसलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला पुसायचाही नव्हता. घरी येईपर्यंत उन्हात वाळून गेला.

दुकानातल्या माणसाला फोटो पाठवला. तो म्हणाला, पुन्हा घासलं तर बराचसा निघेल, शनिवारी आणा. मी कळवलं की शनिवारी जमणार नाही. शनिवारी आईकडे जायचंय. तिची माफी मागायचीय, तीही तिच्याशेजारी बसून.

भाऊ, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचे उपकार आहेत. तुमच्यामुळे माझ्या तोंडून का होईना, ह्यांचा आवाज मला वर्षाने ऐकू आला.

सोमवारी पाच मिनिटं लवकर उठले. आधी पाणी ओतलं, मग टॉवेलने टिपलं. बॉनेटवर वाकून बघितलं... चेहरा दिसला, गालावरून चिकाचा डाग ओघळलेला.

'पास,' म्हटलं. आणि शाळेला निघाले.