सत्तरच्या खाली

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आधीच सांगतो. ही भुताची गोष्ट आहे असंही मी म्हणत नाही... पण डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

पुण्यात सेट टॉप बॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरचं काम करतो. टीव्हीवर सिग्नल क्वालिटीची टक्केवारी दिसते ना, ती सिग्नल पकडणाऱ्या ट्यूनरच्या कच्च्या आकड्यावरून काढायची आणि लॅबमध्ये तपासून बरोबर करायची, हे माझं काम. गेल्या वर्षी साहेबांनी फर्मान काढलं — सत्तरच्या खाली आकडा दिसताच कामा नये. का? तर कमी आकडा दिसला की लोक तक्रार करतात! मी भांडलो. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. म्हणजे सिग्नल कितीही भिकार असो, पडद्यावर सत्तर.

शहाद्याजवळ लोणखेड्याला माझे मामा राहायचे. त्यांच्याकडे आमच्याच कंपनीचा डबा. चित्र सारखं फुटायचं, आकडा मात्र सत्तर. डिशची छत्री कुठे वळवली की सुधारतंय, हे कळायला मार्गच नाही. मामा स्लॅबवर चढून छत्री फिरवायचे, मामी खालून आकडा ओरडून सांगायची. एका दुपारी असेच कठड्यावर वाकले आणि पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मामीने तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं, रीडिंग समाधानकारक होतं, ग्राहक विनाकारण वर चढले. विनाकारण! अरे, लाज वाटते का? मग गल्लीतले लोकही बोलू लागले, मामांना नसते उद्योग करायची खोडच होती म्हणे. मामीला तेच सहन होत नव्हतं.

दिवाळीत गेलो. सकाळी छत्री नीट करायला मी वर चढलो.

"मामी, कितलं शे?"

"एकतीस!"

मी वैतागलो. "बराबर दख ना!"

"मी काय आंधयी शे का? खाले ये, तूच दख!"

खाली आलो. एकतीस. मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला. हा आकडा दिसूच शकत नाही हो! आकडा सत्तरवर अडवणारी सॉफ्टवेअरमधली ती ओळ मी डोळ्यांनी वाचलेली आहे.

पुन्हा वर गेलो. मामी खालून सांगत राहिली — चाळीस, बावन्न, साठ... छत्री जेमतेम दोन बोटं वळवली आणि चित्र स्थिर झालं. छत्री खरोखरच हललेली होती. मामा उगाच चढत नव्हते.

डबा पुण्याला नेला. लॅबमध्ये सिग्नल कितीही कमी केला तरी आकडा सत्तरच्या खाली उतरेचना! सॉफ्टवेअरही इतर डब्यांसारखंच, एका अक्षराचा फरक नाही. साहेब फोटो बघून हसले. "हल्ली फोटोत काहीही करता येतं," म्हणे. त्या हसण्यावर काय फेकून मारू असं झालं मला.

त्या सकाळी डब्याने खरा आकडा कसा दाखवला, मला आजही सांगता येत नाही. मामीला फोनवर एवढंच सांगितलं.

ती म्हणाली, "भाऊ, तुन्हा मामा वर व्हतात, तव्हय का बरं खरं नही सांगं या डबानी?"