बुधवार, शुक्रवार, रविवार

मंदाकिनी चौबळला हिशेबाची भीती कधी वाटली नाही. वाण्याची यादी ती दुकानात उभ्या उभ्या तोंडी मिळवायची आणि त्याची दोन आण्यांची चूक चारचौघांत त्याच्या पदरात घालायची. टेंभी नाक्याजवळच्या आळीतल्या त्या दोन खोल्यांत सगळा घरखर्च तिच्याच हातात होता. नवरा प्रभाकर कलेक्टर कचेरीत कारकून. दिवसभर सरकारचे आकडे जुळवून तो इतका दमायचा की घरचे आकडे त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी आनंदाने बायकोच्या गळ्यात घातले होते. तेव्हा पुढे तिच्या हातून जे झालं ते हिशेब येत नव्हता म्हणून झालं, असं म्हणायचीही सोय नाही.

तिची मुलगी हेमा दीड वर्षाची असताना ठाण्यातल्या एका महिला मंडळाने तिला शिवणवर्गावर घेतलं. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. पगार पस्तीस रुपये. शिवणाचा डिप्लोमा लग्नापासून पेटीच्या तळाशी पडून होता, तो तिने बाहेर काढला, पुसला आणि मग तिच्या लक्षात आलं की पोरीला ठेवायचं कुठे? सासू वारलेली, माहेर पेणला. शेजारणी हेमाचे गालगुच्चे घ्यायला तयार होत्या, दुपटी धुवायला नव्हत्या.

चेंदणी कोळीवाड्यातली भागीरथी सासूच्या वेळेपासून चौबळांच्या दारात मासळीची पाटी उतरवायची. विधवा बाई, पन्नाशीची, एक मुलगा गुणाजी खाडीवर जाणारा. पाटी डोक्यावर घेता घेता तिनेच विषय काढला. "मजकडं ठेव गो मंदाबाय. ह्या चार वारांना मी घरीच असते."

चार वार घरी का असते, हे मंदाकिनीने विचारलं नाही. तिच्या डोक्यात पैसे चालू होते. महिना सोळा रुपये ठरले, म्हणजे एकेका वारामागे महिन्याचे चार. दोघींनाही ते बरं वाटलं.

हेमाला तर ते भलतंच मानवलं. चेंदणीला सकाळी नेऊन सोडली की ती आईकडे वळूनही बघायची नाही. भागीरथी तिला मऊ भातात बोईटाचा एकेक काटा काढून भरवायची, जाळ्यांच्या ढिगावर निजवायची, आणि संध्याकाळी तेल लावून, वेणीचा प्रयत्न करून परत द्यायची. पोरीला ताप आला तेव्हा तीन दिवस ती स्वतः चौबळांकडे येऊन बसली होती. त्याचे पैसे तिने मागितले नाहीत आणि मंदाकिनीने विचारले नाहीत. घरच्यासारखी आहे हो, असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची. घरच्यासारख्या माणसाला पैसे द्यावे लागत नाहीत, ही त्यातली सोय.

चोपन्न सालच्या दिवाळीनंतर वार बदलले. कल्याणच्या एका मंडळाने नवा वर्ग काढला होता आणि त्यांना डिप्लोमावाली बाई हवी होती. पगार पंचेचाळीस, दिवस तीनच: बुधवार, शुक्रवार, रविवार. मात्र सकाळी लवकर निघायचं आणि परतायला पाच वाजायचे. रविवारी प्रभाकर घरी असे, पण त्याचा रविवार बुद्धिबळाचा होता, आणि मूल सांभाळण्यासाठी पुरुषाने बुद्धिबळ सोडल्याचं त्या आळीत कोणी ऐकलं नव्हतं.

मंदाकिनीने संध्याकाळी हेमाला आणायला गेल्यावर भागीरथीला सांगितलं. "आता चाराऐवजी तीनच दिवस गं. बुधवार, शुक्रवार, रविवार. सोळाचे बारा होतील."

भागीरथी हेमाचं नाक पुसत होती. ती पुसतच राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बुधवार, शुक्रवार, आयतवार?"

"हो. चालेल ना?"

भागीरथीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग तिच्या विटक्या चपलांकडे पाहिलं. "चालंल बाय," ती म्हणाली.

पगारात दहा वाढले, सांभाळण्याचे चार वाचले, महिन्याला चौदा रुपयांचा फायदा. प्रभाकरने बायकोची पाठ थोपटली. मंदाकिनीने पोस्टात स्वतःच्या नावाचं पुस्तक उघडलं, आणि ते उशीखाली ठेवून झोपण्याइतकं तिला त्याचं अप्रूप होतं.

मार्गशीर्षात कल्याणच्या मंडळाने आपली खोली दोन शुक्रवार एका लग्नाच्या जानवशाला दिली. वर्ग बंद. मंदाकिनीने आदल्या संध्याकाळी निरोप दिला आणि महिनाअखेर दुधाच्या रतिबाला धरतात तसे भागीरथीचे दोन खाडे धरले. बारा रुपये, महिन्याचे तेरा दिवस, दिवसाला पंधरा आणे, दोन दिवसांचे एक रुपया चौदा आणे. तिने दहा रुपये दोन आणे पुरते मोजून दिले. भागीरथीने ते मूठ मिटून कमरेला खोचले.

एका गोष्टीची मात्र मंदाकिनीला कुरकुर होती. भागीरथी दारात येईनाशी झाली होती. मासळी आता शेजारीण दोन्ही घरांसाठी घेऊन ठेवायची, आणि संध्याकाळी कल्याणहून दमून आल्यावर मऊ पडलेले बोंबील साफ करताना मंदाकिनीचं डोकं फिरायचं. "ही भागीरथी बघा," ती प्रभाकरला म्हणायची, "पोर सांभाळायला मिळाली, आता पाटी कशाला उचलेल? सुखावली." हे ती बुधवारी म्हणायची, शुक्रवारी म्हणायची, रविवारी म्हणायची. वाराला अगदी चुकायची नाही.

सव्वीस जानेवारीला बुधवार आला. सुट्टी होती, हेमा घरीच होती, आणि त्या दिवसाचा खाडा मंदाकिनीने मनात आधीच धरून ठेवला होता. दहाच्या सुमाराला दारात पाटी उतरली. भागीरथीची धाकटी जाऊ शेवंती होती. मंदाकिनीने पापलेटाचा कल्ला उचलून पाहिला आणि सहा आण्यांवरून वाद घातला.

"भागीरथी कधी असली मासळी देत नव्हती," ती शेवटी म्हणाली. "तिला सांग, पाटी सोडलीस तर सोडलीस, निदान बुधवारी तरी माझ्याकडे येत जा."

शेवंतीने पदराने तोंड पुसलं. "बुधवारी कशी येल गो ती? बुधवारी तुजी पोर नाय काय तिच्यापाशी?"

मंदाकिनीने हातातलं पापलेट ताटात ठेवलं.

"बुधवार, शुक्कुरवार, आयतवार," शेवंती बोटांवर मोजत म्हणाली, "हे तीन वार सोडले तर तुम्ही मानसं म्हावरं खाता कदी? सोमवारी तुमचा शंकर, गुरुवारी दत्त, शनवारी मारुती. मंगलवारी चार घरं घेतली तर घेतली. आमचा समदा धंदा ह्या तीन वारांचा. ते तिनं तुला दिले. तिची अठरा घरं मजकडं आली, हे घर पन तिचंच. आता दिलेली घरं परत मागून घेतात काय कोनी?"

"एका दिवसाला काय सुटतं गं तुम्हाला?" मंदाकिनीने विचारलं. तिचा आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"दोन रुपये. बरा दिवस असला तर अडीच."

मंदाकिनीने पापलेटाचे मागितले तेवढे पैसे दिले. शेवंती गेली तरी ती उंबऱ्यात ताट धरून उभीच होती. तेरा दिवस, दोन रुपये, सव्वीस. सव्वीस रुपयांचे दिवस तिने बारा रुपयांना घेतले होते आणि त्यातूनही रुपया चौदा आणे कापले होते. वार तिला ठाऊक नव्हते असं कुठे होतं? सोमवारी तिच्या स्वयंपाकघरात सुकटीचा वाससुद्धा चालत नसे. कुठल्या वारी काय शिजायचं हे ती लहानपणापासून पाळत आली होती, आणि ते पाळणाऱ्यांच्या जिवावर कोणीतरी जगतं, त्याचे वारही तेच असतात, एवढं तिच्या हुशार डोक्यात आलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारतो, असं नाही. रात्रीच्या जेवणाला तिने प्रभाकरला सांगितलं. तो काटे काढत म्हणाला, "तिने चालेल म्हटलं ना? मग झालं. फार तर दोन रुपये वाढव. सव्वीस द्यायचे म्हणजे तुझ्या पंचेचाळिसातले उरले किती? मग वर्ग हवा कशाला, घरी बस."

हीच तर भीती होती. वर्ग गेला की पोस्टाचं पुस्तक गेलं, आणि डिप्लोमा पुन्हा पेटीच्या तळाशी. भागीरथीकडे विषय काढला आणि तीच नको म्हणाली तर? त्यापेक्षा गप्प बसावं. मंदाकिनी गप्प बसली. पहिल्या तारखेला तिने पूर्ण बारा रुपये दिले, सव्वीस जानेवारीचा खाडा धरला नाही, आणि चेंदणीहून परत येताना क्षणभर तिला आपण फार उदार आहोत असंही वाटलं. पुढे जन्मभर ही गोष्ट आठवली की तिचे कान तापायचे.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी ती कल्याणहून थोडी लवकर परतली. अंगणात भागीरथी कोळंबी सोलत बसली होती आणि हेमा तिच्या पाठीला टेकून टरफलांशी खेळत होती. कोळंबी शेवंतीची होती. टोपलीमागे काही आणे मिळायचे. अठरा घरांत जिची वाट पाहायचे ती बाई धाकट्या जावेची कोळंबी सोलत होती, बोटांना चिरा पडलेल्या. हेमाला उचलताना मंदाकिनीला तिच्याकडे बघवेना.

एक मार्चला, मंगळवारी, तिने पोस्टातून पन्नास रुपये काढले, घरातले सव्वीस त्यात घातले आणि हेमाला घेऊन ती चेंदणीला गेली. भागीरथी दारातच होती. हेमा सवयीने आत पळाली. मंदाकिनीने नोटा तिच्यापुढे धरल्या.

"हे कसले?" भागीरथीने विचारलं.

"हे सव्वीस सरल्या महिन्याचे. आणि मागचे राहिलेले पन्नास. माझं फार चुकलं गं भागीरथी. तुझे धंद्याचे वार मी घेतले."

"शेवंतीनं तोंड उघडलं वाटतं." भागीरथीने नोटांना हात लावला नाही. उलट ती खाली बसली आणि मंदाकिनीला हाताला धरून बसवलं. तिचा आवाज मऊ होता. "राहू दे गो. मना समजलं होतं तवाच. म्हनून तर मी बोलले नाय."

"काय समजलं होतं?"

"घरात अडचन हाय ते. पार कल्यानपत्तर जायला लागली, आयतवारची पन, पायात धड चपला नाय. खाडा कापलास तवा तर मना लई वाईट वाटलं. म्हटलं, कचेरीवाल्याचं कायतरी बिगडलंय, पोरीच्या आयशीला कशाला लाजवायचं? तुज्या सासूनं मज्या गुणाजीच्या दुखन्यात मना पैसा दिला होता. म्हटलं, आता मजी पाली." तिने मंदाकिनीच्या पाठीवरून हात फिरवला. "सुटली नाय अडचन? हे पैसे कुटून कर्ज तर नाय ना काढलं?"

हो म्हणायचं, बस. हो गं, अडचण होती, आता सुटली, एवढं म्हटलं की सगळं झाकलं जात होतं. भागीरथीनेच वाट करून दिली होती. हेमा वर्गाच्या दिवशी इथे येत राहिली असती आणि हा हात पाठीवर तसाच राहिला असता. पण तो हात कोळंबीने चिरलेला होता आणि त्याच्याखाली बसून खोटं बोलणं तिला झेपेना.

"अडचण नव्हती," ती म्हणाली.

"हां?"

"कसलीच नव्हती. माझा पगार वाढला होता. पैसे मी पोस्टात टाकत होते. माझ्या लक्षातच आलं नाही गं, तुझे वार." तिला रडू फुटलं.

भागीरथीचा हात पाठीवरून निघाला. आतून हेमा धावत आली आणि आई रडते आहे हे बघून भागीरथीच्याच कुशीत शिरली. भागीरथीने तिला एका मांडीवर घेतलं, दुसऱ्या मांडीवर नोटा ठेवल्या आणि अंगठा ओला करून त्या एकेक मोजायला सुरुवात केली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. इतक्या महिन्यांत तिने मंदाकिनीच्या हातचा पैसा कधी मोजून घेतला नव्हता.

"बरोबर हायत," ती म्हणाली. "उद्या बुधवार. पोरीला टायमात आन."

हेमा शाळेत जाईपर्यंत भागीरथीनेच तिला सांभाळलं, आणि तिच्यावरची माया कणभर कमी केली नाही. दर पहिल्या तारखेला मंदाकिनी सव्वीस रुपये द्यायची, भागीरथी ते अंगठा ओला करून मोजायची, आणि मोजून होईपर्यंत मंदाकिनी दारात उभी राहायची.