कंपनीच्या गेटवरचा व्हिडिओ

ऑस्ट्रेलियाहून येऊन मला दोन आठवडे झाले आणि आमच्या खांदा कॉलनीतल्या अख्ख्या बिल्डिंगला माझे फोटो बघून झालेत. फक्त तिसऱ्या मजल्यावर मी गेले नव्हते. तिथे माझ्या मैत्रिणीचे बाबा एकटेच राहतात, ती अजून तिकडेच आहे. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. आणि चार महिने काका तिचा फोन उचलत नव्हते. माझ्यामुळे. मी स्टेटसवर टाकलेल्या एका व्हिडिओमुळे.

नीट सांगते, मी फार भरभर सांगते असं सगळेच म्हणतात.

आम्ही दोघी एकाच व्हिसावर गेलो. वर्षभर राहायचं, मिळेल ते काम करायचं, फिरायचं. मला एका मोटेलमध्ये बेड घालायचं, बाथरूम घासायचं काम मिळालं. तिला दुसरं वर्षही राहायचं होतं, आणि त्यासाठी गावाकडची ठरावीक कामंच चालतात. तिला मिळालं ते मटणाच्या कंपनीत. मेंढ्या. ती कापत वगैरे नव्हती, प्लास्टिकमध्ये आलेले तुकडे खोक्यात भरायची. आठ तास, फ्रीजसारख्या थंड हॉलमध्ये. घरी आली की गरम पाण्याखाली हात धरून उभी राहायची आणि म्हणायची, ‘ए, सांग ना, पाणी गरम आहे का? मला कळत नाहीये.’

काका माळकरी. घरात अंडंसुद्धा नाही. निघताना त्यांनी स्वतः तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. कंपनीत गळ्यात, कानात काहीच चालत नाही, म्हणून ती रोज आत जाताना माळ काढून लॉकरमध्ये ठेवायची आणि बाहेर आली की पहिली ती घालायची. काकांना तिने सांगितलं होतं, सफरचंदं पॅक करते. काका स्वतः तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्ट करतात, त्यांना पॅकिंगमधलं सगळं कळतं. ‘लाईनवर किती जणी? ग्लोव्ह्ज देतात ना?’ ती सगळं खरं सांगायची, फक्त फळाचं सोडून.

ऑगस्टमध्ये तिला चार दिवस सुट्टी मिळाली आणि आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला निघालो. आमच्या जुन्या गाडीचा माझ्या बाजूचा दरवाजा फक्त बाहेरून उघडायचा, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी ती उतरून यायची आणि ड्रायव्हरसारखी वाकून म्हणायची, ‘या मॅडम.’ आम्ही वाळूच्या डोंगरावरून फळीवर बसून घसरलो. कड्यावर एवढा वारा की बोललेलं ऐकू येईना. बोटीतून देवमासे बघायला गेलो तर बोटीतले अर्धे लोक उलट्या करत होते, आणि पाण्यातून ती काळी पाठ वर आली तेव्हा हिने चक्क हात जोडले. मी म्हटलं, ‘अगं, तो गणपती नाहीये.’ म्हणाली, ‘गप गं, आपोआप जुळले.’

मी सगळं टाकत होते स्टेटसवर. वाळू, कडा, देवमासा, आम्ही खाल्लेले चिप्स. काकांना मी माझ्या स्टेटसमधून पहिल्याच महिन्यात वगळलं होतं, तिच्या सांगण्यावरून.

शेवटच्या दिवशी उशीर झाला म्हणून आम्ही थेट तिच्या कंपनीवर गेलो. ती आत जाऊन पांढरा कोट, गमबूट, जाळीची टोपी घालून परत गेटपर्यंत आली, गाडीत विसरलेला डबा घ्यायला. मी मोबाईल समोर धरला. ‘नाच ना, सुट्टी संपली म्हणून!’ ती गमबुटात नाचली. मागे बोर्डावर ही मोठी मेंढी. मला वाटलं, भारीच. टाकला.

तळमजल्यावरच्या काकूंचा मी विचारच केला नव्हता. त्या आणि काका एकादशीला एकत्र हरिपाठाला बसतात. त्यांनी कौतुकाने काकांना दाखवला, ‘बघा, किती छान नाचतेय तुमची.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. ‘काय टाकलंस तू ते?’

‘कुठलं?’

‘कुठलं काय कुठलं! काढ आधी!’

काढला. तेवढ्यात ती मोटेलवर आली. बसली नाही.

‘बाबांनी मेंढीचं विचारलंच नाही,’ ती म्हणाली. ‘एवढंच म्हणाले, गळ्यात माळ नाही तुझ्या. आणि ठेवला फोन.’

‘अगं, सांग ना त्यांना, लॉकरमध्ये...’

‘उचलत नाहीयेत.’ मग माझ्या फोनकडे बघून म्हणाली, ‘तुला एक दिवस गप्प बसता आलं नाही ना.’

ती कंपनीतल्या मुलींबरोबर राहायला गेली. मला ब्लॉक केलं. त्यानंतर मी बेड घातले. सुट्टीत एकटी बसने फिरले. समुद्रात तोंड घालून रंगीत मासे बघितले, छान होते. म्हणजे असावेत. फोटो काढले, कुठेच टाकले नाहीत. रडूही आलं नाही. आईला वाटायचं मी दमलेय.

काल रविवारी काका जिन्यात भेटले. ‘सगळ्यांना दाखवलेस फोटो. मला नाही दाखवणार?’

वर गेले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. देवमाशाला एक सेकंद. तिच्या गळ्याला खूप वेळ. थंडीमुळे प्रत्येक फोटोत मफलर.

‘याच्या आत होती?’

‘होती काका. फक्त कंपनीत जाताना काढायची. तिथे मंगळसूत्रसुद्धा काढायला लावतात. बाहेर आली की पहिली तीच घालायची, शपथ.’

हे मी चार महिन्यांपूर्वीच त्यांना फोन करून सांगू शकले असते. जगाला सगळं सांगितलं, हे नाही.

‘आमच्याकडे पण अंगठ्या काढतात,’ काका हळूच म्हणाले. मग म्हणाले, ‘आत्ताचे नाहीत का हिचे फोटो? नवीन?’

‘नाहीत.’

‘मागव ना. लाव फोन, बघू दे कशी दिसते.’

मी फोन हातात धरून बसले. ‘मला ब्लॉक केलंय काका तिने. त्याच दिवशी.’

काकांनी टीव्हीवरचा स्वतःचा फोन उचलला, चष्मा वर-खाली केला, आणि स्पीकरवर लावला. दोनदाही वाजला नसेल.

‘बाबा?’

तिचा आवाज इतक्या दिवसांनी ऐकला आणि मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. काकांनी तोंड उघडलं, मिटलं. ‘बाबा, बोला ना,’ ती म्हणाली. मी उठले. मी इथे बसलेय हे तिला कळायला नको होतं. चपला हातातच घेतल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.