बिनगव्हाचा पाव

घरातलं एक माणूस पथ्यावर बसलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण वैद्य होतो, आणि किस्से आपोआप साठत जातात. सांगताना ते हसरे वाटतात. घडताना तसे नव्हते. मला सगळं नीट आठवतंय की नाही, ही शंका आहेच.

साठीनंतर माझ्या बायकोचं, सुमनचं, वजन उतरू लागलं, रक्तातलं लोह कमी झालं. रायपुरातल्या समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी सीलिअ‍ॅक सांगितलं. गव्हातलं ग्लूटेन आतड्यांना सोसत नाही. गहू कायमचा बंद. भात-भाकरी होतीच, पण सकाळच्या चहासोबत तिला पाव लागायचा. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या मोठ्या दुकानात मी ग्लूटेन-फ्री ब्रेड मागितला.

"राजधानी अभी नई है सर," दुकानदार म्हणाला. "धीरे-धीरे सब आएगा."

*

जन्मभर बायोकेमिस्ट्री शिकवली, म्हणून पाव घरीच भाजायचं ठरवलं. तांदळाच्या पिठाचा पाव फुगला, मधोमध खचला आणि सुरी लागताच त्याचा भुगा झाला.

शेजारचे बापू, रेल्वेतून रिटायर झालेले, रोज चहाला येत. त्यांचा मुलगा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये. त्यांनी तुकडा बराच वेळ चघळला.

"सर, पोट्टा उरल्याहून येते तं त्याच्या शर्टावरची धूळ याच्याहून नरम असते."

सुमनने मात्र पूर्ण स्लाइस संपवली. पाण्यासोबत.

*

पीठ धरून ठेवणारं ग्लूटेनच नाही, म्हणून पुढच्या वेळी इसबगोल घातलं. पाव एकसंध निघाला! मी बापूंना कौतुकाने कारण सांगितलं. त्यांनी हातातला घास बशीत ठेवला.

"आधी सांगाचं होतं नं सर. मले उद्या बिलासपूरले जाचं आहे."

*

दिल्लीहून मुलगा आला, तो ग्लूटेन-फ्री बिस्किटं घेऊन. सुमनने आवडीने खाल्ली. मी पाकीट वाचलं : स्टार्च, साखर, पाम तेल.

"यात प्रथिनं नाहीत, लोह नाही. पोषण काहीच नाही."

"चव तं आहे," ती म्हणाली. "तुमच्या पावात दोन्ही नाही."

खरंच होतं. मग मी बेसन आणि नाचणी, जिला इथे मडिया म्हणतात, मिसळून केक केला. पोषण वाढलं, रंग मातीचा झाला. नात ओवीने तो सगळ्या बाजूंनी पाहिला.

"आजोबा, ये केक है कि गमला?"

*

सत्यनारायणाला शेजारच्या वहिनींनी शिऱ्याचा द्रोण सुमनच्या हातावर ठेवला. "प्रसादानं काही होत नाही, काकू." तिला नाही म्हणवलं नाही. मग अंथरूण धरलं. पडल्या पडल्या म्हणाली, "देवाचा काही दोष नाही हो. पोटच नास्तिक निघालं."

*

तरीही रक्ताचे रिपोर्ट सुधारेनात. डॉक्टरांनी विचारलं, "सर, दाल में हींग डालते हैं? डिब्बा पढ़ा कभी?"

डबीतल्या हिंगात मैदा मिसळलेला असतो. रवा, मैदा, शेवया, सगळं मी घराबाहेर काढलं होतं. रोजच्या फोडणीकडे पाहायचं सुचलं नव्हतं.

परतताना रिक्षात सुमन म्हणाली, "आता हिंगही गेला. अजून काय राहिलं जाचं?"

घरी पोचताच मी हिंगाची डबी कचऱ्यात टाकली.

*

त्या हिवाळ्यात ती जेवणच टाकू लागली. दोन घास झाले की ताट सारायची. तिला एकटं वाटू नये म्हणून मीही गहू सोडला होता. त्याचाही उपयोग दिसेना.

एका दुपारी स्वयंपाकघरातून गव्हाचा खरपूस वास आला. मी धावलो. नाकातोंडाला पदर गुंडाळून सुमन शेजारून आणलेल्या कणकेच्या पोळ्या लाटत होती.

"काहून? जीव द्यायचा आहे का?"

"मी नाही खात. तुमच्यासाठी करून राहिली. बसा."

"मी गहू सोडला आहे."

"म्हणूनच तं. तुम्ही माझ्यासमोर पोळी खात नाही, तं मले वाटते मी गेलीच आहे, अन् तुम्ही सुतक पाळून राहिले."

मी बसलो. तिने तूप लावून पोळी वाढली, हात स्वच्छ धुतले, आणि आपलं भाकरीचं ताट घेऊन समोर बसली. पोळी फुगलेली, पापुद्रे सुटलेली. मी घास घेतला.

"कशी झाली?"

"वातड," मी म्हणालो.

"खोटारडे," ती म्हणाली, आणि भाकरी मोडली.